दुसऱ्याच्या पातेल्यात

सोमवार, ४ तारीख

लिहायला घेतलंय ते हौस म्हणून नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शेवटी लेखी पेपर आहे. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून सहीपुरतं पेन धरते. रोज थोडं लिहिलं तर हात बसेल असं ह्यांचं म्हणणं. ह्यांना सल्ले द्यायला काय जातंय.

तर झालं असं. कारखान्याच्या फाटकासमोर आमचं कॅन्टीन आहे. आता वरून नियम आला की स्वयंपाकघरात एक तरी माणूस पाककलेचं प्रमाणपत्र असलेला पाहिजे, नाहीतर चूल बंद. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही जा. परीक्षा हा शब्द ऐकूनच माणसाला घाम फुटला. म्हणजे आलंच माझ्या गळ्यात. आज पहिला दिवस होता. वर्गात सगळी माझ्या पोराबाळांच्या वयाची. दारातून आत गेले तर दोघं उठून उभी राहिली, त्यांना वाटलं मीच शिकवायला आले. बसा म्हटलं, बसली. एकंदरीत ऐकण्यातली आहेत.

मोठ्या बाईंनी, म्हणजे इथल्या मुख्य, सगळ्यांना शपथेचा कागद दिला. पहिली ओळ वाचली: दुसऱ्याचं काम मी माझं म्हणून दाखवणार नाही. पटलं. पुढं बारीक अक्षरात अजून बरंच होतं, पण मागे रांग खोळंबलेली. सही ठोकली. मला कुणाचं काही नको. मी देणाऱ्यातली आहे, घेणाऱ्यातली नाही.

गुरुवार, ७ तारीख

आमच्या सरांचं नाव मी भोंगा ठेवलंय. माणूस वाईट नाही, पण 'मीठ' म्हणायचं तरी पलीकडच्या इमारतीला ऐकू गेलं पाहिजे. त्यांच्या हाताखाली सूप, पाव, भाजणं, उकडणं असं सगळं शिकायचं. कांदा कापायला तीन दिवस घेतले. मी पहिल्या तासाला कापून बसले होते. मग काय, बसून बसून दुसऱ्यांचे बघितले.

सरांनी आज सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, स्वच्छता शिका या बाईंकडून, दर थोड्या वेळाने हात धुवायला जातात. आता बेसिन त्या टोकाला आणि माझा ओटा दाराशी, त्यामुळे मला सगळ्या वर्गातून जावं लागतं, आणि जाता-येता पातेली नजरेखालून जातातच. आजकालच्या पोरांना मिठाचा हात म्हणून नाही. एकाचं पाणचट, एकाचं गवत उकळल्यासारखं. बघवत नाही. जाता जाता सावरायचं आणि पुढं व्हायचं, दुसरं काय करणार.

माझी डबी खिशात असते म्हणून बरं. मीठ, कुटलेली मिरी आणि नखभर साखर, सगळं एकत्र. एवढ्या वर्षांत हिच्याशिवाय मी ओट्याशी उभी राहिले नाही.

शेजारच्या ओट्याला एक मुलगी आहे. बोलली तर बोलली, नाहीतर दिवसच्या दिवस गप्प. मी तिला गोगलगाय म्हणते, तीही ओ देते. खोली घेऊन एकटी राहते, डबा आणत नाही. माझ्यातलं अर्धं देते तिला. मुकाट खाते आणि डबा धुऊन परत देते. आज बराच वेळ चुळबुळ करून म्हणाली, "मावशी, एक बोलू?"

"बोल की. तोंड दिलंय देवानं."

"तुम्ही ना... जाऊ दे."

अशी ही. हिच्याशी बोलायचं म्हणजे खोल विहिरीतून पाणी काढायचं.

सोमवार, ११ तारीख

आज परीक्षेतलं पहिलं प्रात्यक्षिक. याचे मार्क शेवटपर्यंत धरतात. प्रत्येकाला भाजी वेगळी दिली, त्याचं सूप करायचं. मला गाजर, गोगलगाईला कांदा, आणि पुढच्या ओट्यावरच्या हिरोला भोपळा. हिरो म्हणजे आपला तो, टोपीतूनही केसांची बट बाहेर ठेवणारा.

सर चमचे घेऊन चाखायला निघाले. पहिलं चाखलं, मान हलवली. दुसरं चाखलं, थांबले. तिसऱ्याला परत पहिल्याकडे गेले. मग जे ओरडले ते इथे लिहीत नाही. म्हणणं असं की भाजी कुठलीही असो, शेवटाला सगळ्यांची चव एकच येते. एका हाताची.

"कुणीतरी एकानं केलंय आणि सगळ्यांनी वाटून घेतलंय," सर म्हणाले. "हे सूप नाही, ही कॉपी आहे."

मलाही चाखायला दिलं. मी खरं ते सांगितलं. "सर, मला तर सगळीच छान लागतायत. काही काढायला जागा नाही."

"तोच तर प्रश्न आहे बाई. हा वर्ग इतकं छान करूच शकत नाही."

सगळ्यांचे मार्क अडकवून ठेवलेत. माझेही. मी माझं गाजर माझ्या हातानं केलं आणि कुणा चोरट्यामुळे माझं प्रमाणपत्र अडणार. सापडू दे एकदा.

मंगळवार, १२ तारीख

चौकशीला समिती बसली. मोठ्या बाई, सर, आणि मुलांच्या बाजूने एकजण निवडायचा होता. सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. हिरो म्हणाला, "मावशींना घ्या. त्या कुणाचं ऐकत नाहीत." कौतुक होतं की टोमणा ते कळलं नाही, पण मी उभी राहिले.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तू आणि समितीत? बिचारा चोर."

गुरुवार, १४ तारीख

झडती घेतली. मी म्हटलं अर्धवट काम करायचं नाही. पिशव्या, खिसे, टोप्या, सगळं उलटं करायला लावलं. हिरोच्या मोज्यात सूपच्या तयार वड्या निघाल्या. मोज्यात. खाण्याची वस्तू. मी त्याला जे धुतलं त्यात प्रामाणिकपणाचं कमी आणि पायांचं जास्त होतं.

सरांनी एक वडी पाण्यात उकळून बघितली. चव जुळेना. म्हणजे हिरो चोर, पण आपला चोर नव्हे. त्याला ताकीद देऊन सोडला. जाताना मला म्हणतो, "तुमचे खिसे कोण तपासणार, मावशी?"

"माझ्या खिशात माझी डबी आहे. बघायची?"

"नको, नको," म्हणत पळाला. अशांना उलट विचारलं की पायाला पाय लावून सुटतात.

सोमवार, १८ तारीख

सरांनी सापळा लावला. युक्ती चांगली होती. सगळ्यांनी पुन्हा तीच सूपं चढवायची, मीठ-मिरी काही घालायचं नाही, मंद आचेवर ठेवून सगळ्यांनी बाहेर जायचं. एकानं आत राखणीला थांबायचं. मग परत येऊन चाखायचं. चव आली म्हणजे कुणीतरी शिरलं. राखणीला अर्थात मी.

गोगलगाय तेवढी आत राहिली, कारण तिचा कांदा अजून कच्चा होता. बाकीचे गेल्यावर दार मी आतून लावून घेतलं, किल्ली मुठीत.

ही पोरगी आज मात्र कधी नव्हे ती बडबडायला लागली. "मावशी, बसा ना. खुर्ची आणते." मी म्हटलं, राखण काय बसून होते का. मग म्हणाली, पाणी आणू का. मग म्हणाली, पाय दुखत असतील. मग माझा हातच धरला आणि म्हणाली, "मावशी, प्लीज, एका जागी उभ्या राहा." मला तेव्हाच खटकलं. मला एका जागी का उभं करायचं होतं हिला? मी हात सोडवून घेतला आणि ओट्या-ओट्यावर फिरून नीट लक्ष ठेवलं. एक पातेलं सोडलं नाही. झाकणं उचलून बघितली, आतसुद्धा.

सर आले, चाखलं. सगळ्यांना चव. तीच चव.

"कोण आलं होतं आत?"

"सर, मुंगी आली नाही. शपथेवर सांगते. मी होते आणि ही होती."

सगळे गोगलगाईकडे बघायला लागले. मीसुद्धा बघितलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खुर्ची, पाणी, एका जागी उभ्या राहा. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते असं. माझ्या डब्यातलं खाऊन माझ्याच डोळ्यात धूळ.

बुधवार, २० तारीख

आज तिला समितीपुढे उभं केलं. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तू केलंस का?"

"नाही."

"कुणी केलं माहीत आहे?"

तिनं आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आहे. पण मी सांगणार नाही."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अगं मूर्ख मुली, कुणाला पाठीशी घालतेस? तो कोण लागतो तुझा? तुझं शिक्षण जाईल, नाव जाईल, आणि तो तिकडं मिशीला तूप लावून हिंडेल. असल्या माणसाला लाज नसते. तू खड्ड्यात गेलीस तरी त्याला पत्ता नसेल."

तिनं वर बघितलं. रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. म्हणाली, "पत्ता नाहीच आहे, मावशी."

सर चिडून पेन आपटून गेले. मोठ्या बाईंनी सांगितलं, शुक्रवारपर्यंत नाव सांग, नाहीतर तुझंच नाव काढून टाकावं लागेल. दुसऱ्याला झाकणं हेही नियमात बसत नाही. तिच्या घरचे तिला परत बोलावून घेतील, हे तिनं मला एकदा जेवताना सांगितलं होतं. शिकायचं म्हणून भांडून आलीय ती. एकाच वाक्यात सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

बाईंच्या म्हणण्याला मी मान हलवून होकार दिला. हलवली खरी. पण तिनं ज्या नजरेनं बघितलं त्यानं मला कसंतरीच होतंय. चोरानं चोरासारखं बघावं. माझी कीव केल्यासारखं काय बघायचं?

गुरुवार, २१ तारीख

आज वर्गाला सुट्टी म्हणून कॅन्टीनवर होते. हे ओट्याशी उकडलेल्या बटाट्यांचा रस्सा ढवळत होते. मी शेजारी उभी राहून सगळी हकीगत सांगत होते, आतली आणि बाहेरची, कारण ह्यांना एकदा सांगून कळत नाही.

"म्हणजे आत तू आणि ती पोरगी," हे म्हणाले.

"हो."

"आणि तिनं पातेल्याला हात लावला नाही."

"मला दिसला नाही. पण लावला असणार. नाहीतर चव कशी येईल?"

हे ढवळायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "आत्ता काय केलंस?"

"कुठं काय? बोलतेय तुमच्याशी."

"हातात काय आहे?"

डबी होती. उघडी. झाकण ओट्यावर पडलेलं. बोटांना मिरी. मी म्हटलं, मी काही टाकलं नाही. हे म्हणाले, तीनदा टाकलंस, मी मोजत होतो. मी म्हटलं, खोटं बोलताय. मग ह्यांनी चमचाभर रस्सा माझ्या तोंडात घातला.

मी बसले तिथंच, बटाट्याच्या पोत्यावर.

"माझ्या चहातपण साखर टाकतेस," हे म्हणाले. "मी पहिल्या वर्षापासून बिनसाखरेचा मागतोय. तुझ्या बहिणीच्या घरी गेलो की ती पातेली लपवते. दवाखान्यात माझ्या पलीकडच्या खाटेवरच्या माणसाच्या पेजेत टाकलंस, त्याला डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कितीदा सांगितलं. तू म्हणालीस, मी कुठं काय केलं."

असं म्हणतात हे. मला आठवत नाही. पण बेसिन आठवलं. दारापासून बेसिनपर्यंतची सगळी पातेली आठवली, एकेक. एवढं करून हातच धुवायचे होते मला.

मग ह्यांनी दुसरंही सांगितलं, सावकाश, रस्सा ढवळत. उद्या जाऊन बोललीस तर तुझं जाईल. तुझं गेलं की चूल बंद. नाही बोललीस तर त्या पोरीचं जाईल. मी काही सांगत नाही, तूच ठरव.

कधी नव्हे तो सल्ला हवा होता, तर माणूस गप्प बसला.

शुक्रवार, २२ तारीख

सांगून आले.

सरांना आधी खरंच वाटेना. "बाई, तुम्ही तिला वाचवायला बघताय. डबा देता ना तिला." मी म्हटलं, सर, मी आजवर कुणाला खोटं बोलून वाचवलेलं नाही, मला तेवढा धीर नसतो. डबी टेबलावर ठेवली. एक भांडं कोमट पाणी मागवलं, चिमूट टाकली, दिलं. सरांनी घोट घेतला आणि खुर्चीत बसले. त्यांचा भोंगा पहिल्यांदा बंद पडलेला बघितला.

मोठ्या बाई म्हणाल्या, "परीक्षेत दुसऱ्याच्या पातेल्यात हात घालणं म्हणजे काय, समजतं का तुम्हाला?"

"बाई, मी कुणाचं घेतलं नाही. शपथेत घेण्याचं होतं."

"दुसरी ओळ वाचलीत?"

कागद पुढं केला. बोट ठेवून वाचली. 'आणि माझं काम दुसऱ्याला देणार नाही.' बारीक अक्षरात, पण होती. मी म्हटलं, चिमूटभर मीठ म्हणजे काय काम झालं का. तेव्हा सर हळू बोलले. हळू बोललेलं जास्त लागतं. "बाई, त्या पोरांना सूप येत नाही. आणि दोन आठवडे मला ते कळलं नाही. त्यांनाही कळलं नाही. तुमच्यामुळे."

मी कागद परत हातात घेतला आणि दुसरी ओळ पुन्हा वाचली.

गोगलगाय बाहेर बाकावर बसली होती. मी विचारलं, "आधी का नाही बोललीस? एवढं मोठं तोंड आहे माझं, माझ्यावर ओरडायला काय झालं होतं?"

"तुमचं कॅन्टीन बंद झालं असतं."

"आणि तुझं गेलं असतं ते?"

खांदे उडवले. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. हळूच.

मंगळवार, २६ तारीख

निकाल लागला. माझं नाव या वेळच्या वर्गातून काढलं. गोगलगाईला ताकीद. पहिलं प्रात्यक्षिक सगळ्यांचं रद्द, परत द्यायचं. वर्गातल्या पोरांनी माझ्याकडे बघणं सोडलंय. हिरो तेवढा म्हणाला, "मावशी, मी निदान मोज्यात लपवलं होतं. तुम्ही तर वाटत फिरलात."

पुढच्या तुकडीत मला परत घ्यायचं की नाही, यावर सरांनी अट घातली. ही परत होणारी परीक्षा मी वर्गात बसून बघायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खुर्चीवर, हात मांडीवर. उठले, झाकण उचललं, एक शब्द बोलले, तर प्रवेश नाही. "दुसऱ्याचं बिघडताना बघता आलं पाहिजे," म्हणाले. "तेवढं जमलं तर बाकीचं मी शिकवीन."

ही काय परीक्षा आहे? असं मी घरी येऊन म्हटलं. ह्यांनी पाटी लिहायला घेतली होती: स्वयंपाक बंद, फक्त चहा-पाव. पाटीतून डोकं वर न काढता म्हणाले, "नापास होणार तू."

शनिवार, ३० तारीख

बसले.

खुर्ची बेसिनजवळ ठेवली होती, मुद्दाम असणार. सगळा वर्ग समोर. डबी सरांनी स्वतःच्या खिशात घातलेली.

हिरोनं भोपळा सालासकट टाकला. मी खुर्चीची कड धरली. मागच्या ओट्यावरच्या पोरानं दूध उतू घालवलं आणि पुसायच्या फडक्यानं ढवळायचा चमचा पुसला. मी डोळे मिटले. डोळे मिटले तर वास यायला लागले, ते आणखी वाईट. कुणाचं तरी तळाला लागत होतं. मला कळत होतं कुणाचं. जीभ दातांखाली धरली. सर मधूनमधून माझ्याकडे बघत होते, पातेल्यांकडे नाही.

गोगलगाईनं कांदा मंद आचेवर घातला होता. काळजीपूर्वक करते, हळू, आपल्या नावाप्रमाणे. चांगला रंग आला. पाणी घातलं, उकळी आली. मीठ घातलं. एवढंसं. मी बसल्या जागेवरून बघितलं आणि मला कळलं की पुरणार नाही. कांद्याला लागतं. कांदा गोड असतो, मीठ खाऊन टाकतो. मी हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

तिनं चाखलं. थांबली. मिठाच्या भांड्याकडे बघितलं. मी मनात म्हटलं, घे. घे पोरी, अजून एक. हात पुढं नेला तिनं. मग मागे घेतला, आणि झाकण ठेवलं.

मला दरदरून घाम फुटला. चुलीपुढं उभी होते तेव्हा कधी एवढा फुटला नाही.

सरांनी चाखत चाखत शेवट गाठला. हिरो नापास. फडकंवाला नापास. बरेच नापास. गोगलगाईपाशी दोनदा चमचा घातला. म्हणाले, "हं. हा हात मी अजून चाखला नव्हता." आणि पास म्हणून लिहिलं. माझ्या खुर्चीपाशी आले, डबी परत दिली, आणि म्हणाले, नवीन तुकडी महिन्यानं सुरू होते, वेळेवर या.

सगळे गेल्यावर ती वाटी घेऊन आली. "आता बोला, मावशी. आता चालतं."

मी चाखलं. "मीठ कमी आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मला असंच आवडतं."

म्हणजे एवढे दिवस ती माझ्या डब्यातलं मुकाट खात होती.

वाटी संपवली मी. मीठ कमीच होतं.